राउटरच्या कॉन्फिगमधल्या अनोळखी ओळी

सिस्कोचा राउटर पुसून साफ केला, होस्टनेम दिलं, एका इंटरफेसला आयपी पत्ता दिला आणि ‘शो रन’ मारलं, की पडद्यावर दोन-चार ओळींऐवजी पानभर मजकूर येतो. ‘बूट-स्टार्ट-मार्कर’, ‘आयपी फॉरवर्ड-प्रोटोकॉल एनडी’, ‘शेड्युलर अलोकेट २०००० १०००’... यातलं आपण काहीच टाइप केलेलं नसतं. मग राउटर हॅक झाल्याची शंका येते. सेकंडहँड घेतलेला असेल, तर आधीच्या मालकाने काहीतरी मागे ठेवलं असावं, असंही वाटतं.

या भीतीच्या मुळाशी एक समज आहे: कॉन्फिग म्हणजे आपण दिलेल्या कमांडची नोंदवही. तसं ते नाही. ‘शो रन’ मारल्यावर आयओएस, म्हणजे सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टीम, राउटरची त्या क्षणाची स्थिती कमांडच्या भाषेत लिहून दाखवतं. कुठलं डिफॉल्ट छापायचं आणि कुठलं गाळायचं, हेही तेच ठरवतं. म्हणून कोणी हात न लावता, नुसत्या अपग्रेडनंतर नव्या ओळी उगवतात, जुन्या नाहीशा होतात. ‘बूट-स्टार्ट-मार्कर’ आणि ‘बूट-एंड-मार्कर’ ही जोडी आयओएस स्वतःच घालतं. इमेज कुठून उचलायची हे सांगणाऱ्या ‘बूट सिस्टीम’च्या ओळी त्यांच्यामध्ये येतात. मध्ये काहीच नसलं तरी काळजी नको.

‘एनडी’ हे प्रकरण जास्त मजेशीर. आयपीव्ही६ नुकतंच शिकलेला माणूस छातीठोकपणे सांगतो, की हे नेबर डिस्कव्हरी आहे, काढलं तर आयपीव्ही६ बंद पडेल. पण नेबर डिस्कव्हरी चालते आयसीएमपीव्ही६वर, आणि आयओएसमध्ये त्या घराण्याच्या कमांड ‘आयपीव्ही६’ने सुरू होतात. इथला एनडी म्हणजे नेटवर्क डिस्क. सन कंपनीच्या काही जुन्या वर्कस्टेशनना स्वतःची डिस्क नसे, त्या नेटवर्कवरची डिस्क वापरत. त्यांचे ब्रॉडकास्ट पुढे पाठवण्याची ही सोय. ती यंत्रं कधीच भंगारात गेली, ओळ मात्र अजून छापली जाते. ‘आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस’ दिलेला नसेल, तर तिचा तुमच्या नेटवर्कशी काहीही संबंध नाही.

ओळीच्या सुरुवातीला ‘नो’ दिसला की कोणीतरी मुद्दाम काहीतरी बंद केलं, असंही अनेकांना वाटतं. ‘नो सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ ही तर मूळचीच अवस्था आहे. ती बदलली की पासवर्ड सुरक्षित झाले, हा त्यापुढचा आणि जास्त महागात पडणारा गैरसमज. त्यातून मिळणारा टाइप ७ क्षणात उलगडता येतो. मागे उभ्या माणसाला पासवर्ड वाचता येऊ नये, एवढाच त्याचा उपयोग. खरं संरक्षण हवं तर ‘सीक्रेट’ वापरा, शक्य असेल तिथे टाइप ८ किंवा ९.

‘ओळखीची नाही ना, मग उडवा’ हे धोरणही नको. ‘शेड्युलर अलोकेट’मधले आकडे मायक्रोसेकंदांचे आहेत: इंटरप्टना सलग जास्तीत जास्त २०,०००, मग प्रोसेसच्या कामांसाठी किमान १,००० राखून ठेवलेले. ट्रॅफिकचा लोंढा आला तरी तुम्हाला राउटरमध्ये लॉगिन करता यावं, ही त्यामागची तजवीज. ‘आयपी सीईएफ’ काढलं तर राउटर चालत राहील, पण पॅकेट पुढे ढकलण्याचा जलद मार्ग जाऊन सीपीयूवरचा भार वाढेल.

माझ्या मते घाबरायचंच असेल तर न दिसणाऱ्या गोष्टींना घाबरावं. इथरनेट इंटरफेसवर प्रॉक्सी एआरपी मुळातच चालू असतं. ओळ छापली जाते ती बंद केल्यावर, ‘नो आयपी प्रॉक्सी-एआरपी’ अशी. सिस्कोच्या अनेक स्विचमध्ये स्मार्ट इन्स्टॉल, म्हणजे नवे स्विच आपोआप सेट करण्याची सोय, अशीच गुपचूप चालू असे, टीसीपी पोर्ट ४७८६ उघडं ठेवून. एप्रिल २०१८मध्ये तिच्याच वाटेने इराण आणि रशियातल्या स्विचवर हल्ले झाले. कॉन्फिग पुसलं गेलं आणि त्या जागी अमेरिकेचा झेंडा नि ‘आमच्या निवडणुकांत लुडबुड करू नका’ अशा अर्थाचा संदेश आला. ‘नो व्हीस्टॅक’ एवढी एक ओळ दिलेली असती, तर ती वाट बंद असती.

न छापलेली डिफॉल्ट बघायला ‘शो रनिंग-कॉन्फिग ऑल’ आहे. यादी लांबलचक येते, म्हणून आपल्याला हवा तो इंटरफेस किंवा शब्द तेवढा निवडून पाहावा. शंका राहिलीच, तर त्याच मॉडेलच्या, त्याच आयओएसच्या रिकाम्या राउटरचं कॉन्फिग शेजारी ठेवून ताडून पाहावं. अनोळखी युजरनेम, टनेल इंटरफेस, भलत्याच पत्त्याकडे जाणारा ‘आयपी रूट’ या गोष्टी रिकाम्या आयओएसमधून आपोआप उगवत नाहीत. काही मॉडेल कारखान्यातून पहिल्या लॉगिनपुरतं युजरनेम घेऊन येतात, तो अपवाद सोडला, तर असं काही दिसल्यावर केबल काढा आणि मग चौकशी करा.