तारापूर इंधन प्रकरण

तारापूर इंधन प्रकरण : तारापूर अणुविद्युत् केंद्राच्या इंधनपुरवठ्यावरून १९७४ नंतर भारत व अमेरिका यांच्यात उद्‌भवलेला वाद आणि त्यातून भारताने अन्य राष्ट्रांच्या साहाय्याने काढलेला मार्ग. वैज्ञानिक सहकार्य व परराष्ट्रधोरण यांच्या परस्परसंबंधास विज्ञान-राजनय म्हणतात. असे सहकार्य विकसनशील राष्ट्राच्या आर्थिक प्रगतीस कोठवर साहाय्यभूत होते व कोठे त्यास परावलंबी करते, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

तारापूर हे मुंबईच्या उत्तरेस सु. १०० किमी. वर, अरबी समुद्रकिनारी आहे. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेले हे ठिकाण १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते. हा प्रदेश कोळशाच्या खाणींपासून दूर असून विजेची मागणी मात्र वाढत होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि ठाण्याच्या वागळे वसाहतीपाठोपाठ डोंबिवली येथेही औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. अणुशक्तीच्या विजेचा विचार येथे प्रथम झाला, तो या पार्श्वभूमीवर.

होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखालील अणुऊर्जा आयोगाने जागतिक निविदा मागविल्या. त्यानुसार ८ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेशी ३० वर्षांचा करार झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन संच उभारले. त्यासाठी अमेरिकेने सवलतीचे कर्ज दिले. २८ ऑक्टोबर १९६९ पासून महाराष्ट्र व गुजरात या राज्यांना वीज मिळू लागली. प्रत्येक संचाची मूळ क्षमता २१० मेवॉ. होती; पुढे ती १६० मेवॉ. करण्यात आली.

वादाचे मूळ विक्रियकाच्या (अणुभट्टीच्या) प्रकारात होते. निसर्गतः सापडणाऱ्या युरेनियमात भंजनक्षम युरेनियम-२३५ केवळ ०.७% असते. साधे पाणी वापरणाऱ्या विक्रियकास हे प्रमाण २ ते ३ टक्क्यांपर्यंत वाढविलेले, म्हणजेच समृद्ध युरेनियम लागते. ते भारतात तयार होत नव्हते आणि करारान्वये ते अमेरिकेकडूनच घ्यावयाचे होते.

मे १९७४ मध्ये भारताने पोखरण येथे अणुस्फोट केला. त्यातील प्लुटोनियम तारापूरचे नसून तुर्भे येथील सायरस विक्रियकातील होते. तरीही परिणाम तारापूरला भोगावे लागले. १९७८ च्या अमेरिकी कायद्याने आपल्या सर्व अणुकेंद्रांची आंतरराष्ट्रीय तपासणी न स्वीकारणाऱ्या देशांना इंधन देण्यास बंदी घातली. नंतरच्या कायद्याने आधीचा करार मोडता येत नाही, अशी भारताची भूमिका होती. सप्टेंबर १९८० मध्ये अमेरिकी सीनेटने ४८ विरुद्ध ४६ मतांनी इंधन पाठविण्यास संमती दिली, परंतु पुढील पुरवठा अनिश्चितच राहिला. अखेर १९८२ मध्ये दोन्ही देशांच्या सहमतीने फ्रान्सने ही जबाबदारी घेतली.

कराराची मुदत १९९३ मध्ये संपली. अणुसामग्री पुरवठादार राष्ट्रगटाने १९९२ मध्ये सर्वंकष तपासणीची अट घातलेली असल्याने फ्रान्सनेही हात आखडता घेतला. अशा वेळी, सीमावाद अनिर्णीत असतानाही चीनने १९९५ मध्ये इंधन पुरविले. तो तेव्हा या गटाचा सदस्य नव्हता. पुढे २००१ मध्ये, गटातील इतर राष्ट्रांचा आक्षेप असताना, रशियाने पुरवठा केला. उदयोन्मुख अर्थव्यवस्थांमधील हा व्यवहार वीजनिर्मिती चालू ठेवण्यास निर्णायक ठरला. ६ सप्टेंबर २००८ रोजी पुरवठादार गटाने भारताला सूट दिल्यावर ही कोंडी फुटली.

तथापि चीन व रशिया यांच्या साहाय्याने पुरवठादार बदलला, परावलंबन संपले नाही. त्यावरील उत्तर तंत्रविद्येत होते. तारापूरचे तिसरा व चौथा हे प्रत्येकी ५४० मेवॉ. क्षमतेचे संच भारतीय अभिकल्पाचे असून त्यांत जड पाणी व नैसर्गिक युरेनियम वापरतात. ते अनुक्रमे २००६ व २००५ मध्ये कार्यान्वित झाले. त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठवावी लागली आणि पुनर्वसनाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. स्वावलंबनाची ही किंमत किनाऱ्यावरील शेतकरी व मच्छीमार कुटुंबांनी मोजली, हेही या प्रकरणाच्या मूल्यमापनात ध्यानात घ्यावे लागते.