कॅनव्हासवर चढलेला छापील ठिपका

जुन्या अमेरिकन कॉमिकचं पान भिंगाखाली धरलं, तर गुलाबी गालावर गुलाबी शाई सापडत नाही. पांढऱ्या कागदावर लाल ठिपके विरळ पेरलेले असतात. गुलाबी रंग आपले डोळेच तयार करतात. ही युक्ती बेंजामिन डे या अमेरिकन मुद्रकाची, १८७९ सालची. उठावाचे ठिपके असलेल्या पातळ पापुद्र्याला शाई लावून तो छपाईच्या प्लेटवर दाबायचा, की छटा तयार. पुढे स्वस्त कॉमिक्सना रंग मिळाला तो याच ठिपक्यांमुळे.

१९६१ मध्ये चित्रकार रॉय लिक्टनस्टाइनने ‘लुक मिकी’ रंगवताना हा ठिपका कॅनव्हासवर आणला. त्यासाठी हाताशी काय होतं? कुत्र्याचे केस विंचरायचा प्लास्टिकचा ब्रश! तो तेलरंगात बुडवून त्याने मिकीच्या चेहऱ्यावर टेकवला. ते ठिपके एकसारखे उमटलेले नाहीत, पेन्सिलच्या खुणाही तशाच राहिल्या आहेत. यंत्राची नक्कल करणारा माणसाचा हात तिथे लपत नाही, आणि मला ते चित्र त्यासाठीच फार आवडतं. नंतर त्याने भोकं पाडलेले धातूचे पत्रे स्टेन्सिलसारखे वापरले आणि ठिपके रेखीव झाले. छापखान्यात ठिपका म्हणजे शाईची बचत. त्याच्या स्टुडिओत तेच वेळखाऊ काम होऊन बसलं.

अँडी वॉरहॉलने नक्कल केली नाही, छपाईच कॅनव्हासवर घेतली. ताणलेलं जाळीदार कापड, त्यावर रंग आणि तो ओढायला रबरी स्क्वीजी: आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात तेच स्क्रीन प्रिंटिंग. १९६२ च्या ‘मॅरिलिन डिप्टिक’मध्ये एकच चेहरा ५० वेळा आहे. उजवीकडच्या काळ्या-पांढऱ्या भागात तो कुठे शाईने बरबटतो, तर कडेला जवळजवळ पुसून जातो. छापखान्यात असे ताव रद्दीत गेले असते. इथे त्या पुसट होत जाण्यातच त्या वर्षी वारलेल्या मॅरिलिन या नटीचं मरण दिसतं.

एक गोष्ट मात्र खटकते. लिक्टनस्टाइनचं ‘व्हाम!’ (१९६३) आज लंडनच्या टेटमध्ये आहे, सुमारे चार मीटर रुंद. ते मुख्यतः ज्या कॉमिकच्या चौकटीवरून घेतलं, ती डीसी कॉमिक्ससाठी इर्व्ह नोव्हिकने काढली होती. लिक्टनस्टाइनने तिची मांडणी बदलली, तिला वेगळं बळ दिलं, हे खरंच. तरी त्या चित्रासमोर कधी उभे राहिलात, तर नोव्हिकचंही नाव घ्या.