बोटाखालचा पट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला भूमिती शिकविली. त्यांच्या नावाने भरणाऱ्या सभेत मी एका मुलांच्या खेळाविषयी बोलावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु जो प्रश्न आपणांपुढे मांडावयाचा आहे तो अखेर भूमितीचाच ठरला, म्हणून हे धाडस करीत आहे.

खेळ आपल्या परिचयाचा आहे. निपाणीच्या आमच्या गल्लीत आम्ही त्यास वाघ-बकरी म्हणत असू. शेजारची कानडी मुले त्यालाच आडु-हुली म्हणत. तीन वाघ, पंधरा बकऱ्या आणि तेवीस बिंदूंचा पट. शिखरावर एक बिंदू. तेथून चार रेषा उतरून पायथ्याच्या चार बिंदूंना मिळतात. मधल्या तीन आडव्या रेषा त्यांना छेदून दोन्ही अंगांस थोड्या पुढे जातात आणि त्यांची टोके उभ्या रेषांनी जोडलेली असतात. वाघाने बकरीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उतरावे म्हणजे बकरी मेली; बकऱ्यांनी वाघांची वाट सर्व बाजूंनी कोंडावी म्हणजे वाघ हरले. मला हा खेळ आईने शिकविला. ती विड्या वळीत असे. सूप मांडीवर घेऊन, हात न थांबविता, ती कोळशाने फरशीवर आखलेल्या पटाकडे पाहून माझी चाल चुकीची आहे असे सांगे, आणि बहुधा ती चुकीचीच असे.

पुढे नोकरीच्या काळात, २००१ साली, मी हा खेळ घरच्या संगणकासाठी व्हिज्युअल बेसिक या भाषेत तयार केला. मुलांनी तो एका शाळेच्या संगणक-कक्षात पुष्कळ वर्षे खेळला. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या, कक्षास कुलूप लागले, आणि मुलांच्या हाती घरातील एकुलता एक फोन आला. एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, आपला वाघ फोनमध्ये येईल का?” मी म्हटले, “आठ दिवसांत आणतो.” मला पाच महिने लागले.

पहिला विलंब माझ्याच अव्यवस्थेचा. खेळाचे नियम आणि पडद्यावरील चित्र या दोन वस्तू निराळ्या ठेवावयास हव्या होत्या. मी मात्र ‘येथे माऊस दाबला की असे घडावे’ अशा प्रत्येक आज्ञेतच नियम कोंबले होते. जुनी भाषा अँड्रॉइडच्या फोनवर चालत नाही. तेव्हा नियम एक-एक करून सोडवून जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहावे लागले. मराठी अक्षरांचीही तीच गत. त्या काळचे आमचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवीत. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर ‘वाघ’ या शब्दाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटली. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकित केला आणि त्याच बैठकीत कानडी शब्दही घातले.

खरी अडचण त्यानंतरची. माऊसचा बाण टोकदार असतो आणि तो दाबण्यापूर्वी पटावरून नुसता फिरविता येतो. माझ्या जुन्या खेळात बाण बकरीवर नेला की तिच्या मोकळ्या वाटा उजळत. उजवी कळ दाबली की चाल परत घेता येई. बोटाला हे दोन्ही नाही. ते काचेवर टेकलेले असते किंवा नसते. मधली स्थिती नाही, उजवी-डावी कळ नाही. शिवाय बोट ज्या वस्तूला स्पर्श करते तिलाच झाकून टाकते. बकरी बोटाने ओढीत न्यावी असे मी प्रथम योजिले. परंतु ती बोटाखाली दिसेनाशी होई आणि मुले बोट उचलून कोठे पोहोचलो हे पाहत. अखेरीस ओढणे सोडले. एकदा टेकून सोंगटी निवडावी, तिच्या वाटा उजळाव्यात, दुसऱ्यांदा टेकून जागा निवडावी, असे ठरविले. चाल परत घेण्यासाठी खाली, अंगठा पोहोचेल तेथे, एक मोठे बटण दिले.

आता भूमिती. फोनच्या पडद्याची रुंदी सुमारे ६५ मिलिमीटर. पायथ्याचे चार बिंदू ६० मिलिमीटरांत पसरले तर त्यांच्यात वीस-वीस मिलिमीटरांचे अंतर राहते. चारही रेषा शिखराकडे एकवटत जातात, म्हणून आडव्या रेषा समान अंतरावर काढल्या तर सर्वांत वरच्या रेषेवर तेच अंतर पाच मिलिमीटर उरते. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत बोटाने दाबावयाची जागा सुमारे नऊ मिलिमीटर असावी असे सांगितले आहे. वाघांची वस्ती आरंभी शिखरापाशीच असल्यामुळे सर्वाधिक चाली जेथे होतात तेथेच बोट सर्वाधिक चुके. पट मोठा करून सरकवीत पाहावा, तर एका नजरेत सर्व वाघ दिसत नाहीत आणि खेळाचा प्राण जातो.

एके रात्री गुरुजींचे स्मरण झाले. आकृती फळ्यावर वेडीवाकडी निघाली तरी ते पुसत नसत. कोणता बिंदू कोणाशी जोडलेला आहे तेवढे पाहा, असे बजावीत. वाघ-बकरीच्या पटात अंतराला काहीच अर्थ नाही! फरशीवरील आईच्या रेषा तरी कोठे समान होत्या? मी वरची आडवी रेषा शिखरापासून खाली, उंचीच्या जवळजवळ निम्म्यावर आणली; बिंदूंतील अंतर नऊ मिलिमीटर झाले. तेवीस बिंदू तेच, जोडण्या त्याच, एकही नियम बदलला नाही. शिवाय बोट नेमके बिंदूवर पडावे हा आग्रह सोडून, ते ज्याच्या सर्वांत जवळ टेकेल तो बिंदू मानावा, अशी सवलत दिली.

मुले खेळू लागली. मग फोन आईच्या हाती दिला. तिने तीनदा बकरीवर बोट टेकले, काही झाले नाही. म्हणाली, “ह्ये माझं बोट वळखतच न्हाई रं.”

याचे कारण काचेच्या रचनेत आहे. अशा पडद्याची कल्पना ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली इंग्लंडमधील माल्व्हर्न येथे, विमान-वाहतुकीच्या नियंत्रणासाठी मांडली. काचेखालील सूक्ष्म जाळ्यात विद्युत् क्षेत्र असते. बोट विद्युत्वाहक असल्याने ते जवळ येताच तेथील क्षेत्र किंचित बदलते आणि तो बदल मोजला जातो. त्वचा कोरडी, जाड व घट्टे पडलेली असली की हा बदल क्षीण होतो. (उलट बेळगावच्या पावसात काचेवर थेंब पडले की न टेकलेले बोटही टेकल्यासारखे वाटते.) चाळीस वर्षे तेंदूची पाने दुमडून आईच्या बोटांची अग्रे कडक झाली होती. क्षीण स्पर्श मध्येच तुटे. माझा खेळ त्यास दोन स्पर्श समजे, आणि पहिल्याने निवडलेली बकरी दुसऱ्याने सोडून देई.

काच माझ्या हातची नव्हती, खेळ होता. एकाच बिंदूवर अर्ध्या सेकंदाच्या आत आलेला दुसरा स्पर्श मोजू नये, आणि बोट उचलण्याची वाट न पाहता टेकताक्षणीच निवड मानावी, एवढे दोन बदल केले. चुकून टेकल्यास परतीचे बटण होतेच. आईनेही आपला उपाय शोधला: विडीच्या कामात कमी झिजलेली करंगळी ती वापरू लागली. त्या संध्याकाळी तिने माझे तिन्ही वाघ दोनदा कोंडले, आणि शेजारच्या काकूंना दाखवावयाचा म्हणून फोन रात्रीपर्यंत परत दिला नाही.