तबकडीवरील शेत

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लासुर्णे हे गाव लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर या भागात उसाचे मळे उभे राहिले आहेत. मळ्यांतून जाणाऱ्या परक्या माणसाला एकाचे शेत कोठे संपते व दुसऱ्याचे कोठे सुरू होते हे चटकन उमगत नाही. ऊस सगळीकडे सारखाच दिसतो. सीमा दाखवितो तो बांध, आणि बांधावरून तंटा निघालाच, तर निर्णय होतो तो दप्तरातील नकाशा व नोंद पाहून.

इंदापूर तालुक्याचे नाव जमीनमोजणीच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास दख्खनमध्ये केलेली मोजणी व आकारणी सदोष ठरली. साऱ्याचा भार असह्य होऊन पुष्कळ शेतकरी गाव सोडून गेले. तेव्हा गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये याच तालुक्यात नव्याने काम आरंभिले. येथे बसविलेली पद्धत पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली. जुनी नोंद चुकीची निघाली होती, परंतु जमीन काही जागची हलली नव्हती; म्हणूनच ती पुन्हा मोजता आली.

संगणकातील हार्ड डिस्क हीदेखील अशीच मोजलेली जमीन होय. चुंबकीय लेप दिलेल्या वाटोळ्या तबकड्या तिच्यात वेगाने फिरत असतात आणि त्या लेपावर मजकूर साठविला जातो. ही सर्व जागा लहान लहान वाफ्यांत विभागलेली असते. अशा वाफ्याला सेक्टर म्हणतात. एका सेक्टरात बहुधा ५१२ बाइट मावतात. एक बाइट म्हणजे साधारणतः एका रोमन अक्षराची जागा. प्रत्येक सेक्टराला शून्यापासून क्रमांक दिलेला असतो. एक टेराबाइटच्या डिस्कवर असे सुमारे १९५ कोटी वाफे असतात.

एवढी मोठी जमीन एकत्र न ठेवता तिचे वाटे पाडतात. अशा वाट्यास पार्टिशन म्हणतात, आणि त्या इंग्रजी शब्दाचा अर्थही वाटणी असाच आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर वाटणीची नोंद शून्य क्रमांकाच्या सेक्टरात असते. तेथे अवघ्या ६४ बाइटांचा एक तक्ता असतो. त्यात चार ओळी, प्रत्येक ओळ १६ बाइटांची. वाटा कोणत्या प्रकारचा आहे, तो कोणत्या सेक्टरापासून सुरू होतो आणि त्यात किती सेक्टर आहेत, एवढेच त्या ओळीत लिहिलेले असते. लाखो पृष्ठांचा मजकूर असलेल्या वाट्याचा सातबारा इतका आखूड असावा, याचे नवल वाटते.

आता अशी कल्पना करा की लासुर्ण्याच्या एका घरात एका मुलीने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित करून ठेवल्या आहेत. अशा ओव्यांचे मोल थोर आहे. पुण्याच्या हेमा राईरकर, गी प्वात्व्हँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या काही उगाच नव्हे. पिठाची गिरणी आल्यावर जाती थांबली आणि गाणाऱ्या स्त्रियाही एकेक करून गेल्या. या घरातील आजीही आता हयात नाही. तिचा आवाज आहे तो केवळ डिस्कच्या दुसऱ्या वाट्यात. एके दिवशी मुलीचा थोरला भाऊ संगणकाची डागडुजी करावयास बसतो आणि नको असलेला वाटा काढून टाकताना नेमका तोच वाटा काढतो. क्षणार्धात पडद्यावर ‘रिकामी जागा’ अशा अर्थाचे शब्द उमटतात.

जागा खरोखर रिकामी झाली काय? मुळीच नाही. तक्त्यातील सोळा बाइटांची एक ओळ तेवढी पुसली गेली. बांधाची नोंद गेली, पण उसाच्या एका कांडीलाही धक्का लागलेला नाही. कोट्यवधी सेक्टर कोरे करण्यास कित्येक तास लागले असते. पडद्यावरील काम तर एका क्षणात आटोपले होते. यावरूनच काय झाले असावे याची अटकळ बांधता येते.

परंतु संगणकाच्या दृष्टीने ती जमीन आता बेवारस आहे. कोणी नवा मजकूर आणला, की तो तेथे खुशाल पेरला जाईल, आणि एका वाफ्यात जुने व नवे अशी दोन पिके एका वेळी राहू शकत नाहीत. म्हणून अशा प्रसंगी पहिले काम म्हणजे त्या डिस्कवर काहीही न लिहिणे. डिस्क फॉरमॅट करावी काय, असे संगणक नम्रपणे विचारतो. त्याला नकार द्यावा. हरवलेले शोधून देणारे साधनही त्याच डिस्कवर उतरवून घेऊ नये. घाबरलेला माणूस हीच चूक आधी करतो. आपल्या गोष्टीतील भावानेही ती केलीच: मोकळ्या जागेत त्याने एक लहानसा नवा वाटा पाडला आणि त्यात काही चित्रफिती भरल्या. मग बहिणीने त्याचा हात धरला.

जाणकार माणूस यापुढे सबंध डिस्कची, सेक्टरामागून सेक्टर, अशी हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घेतो आणि सारा शोध त्या प्रतीवर करतो. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने एक टेराबाइट वाचण्यास पावणेतीन तासांच्या आसपास वेळ लागतो. येथे घाई उपयोगाची नाही.

शोध कसा चालतो हे मोठे मनोरंजक आहे. दप्तर हरवले, तर मोजणीदार शेतात उतरून जुने दगड शोधतो. तसेच येथेही करतात. विंडोजच्या संगणकावर वाटा बहुधा एनटीएफएस पद्धतीचा असतो. त्याच्या पहिल्या सेक्टरात एन, टी, एफ, एस ही अक्षरे असतात आणि वाट्याची लांबीही लिहिलेली असते. हाच सीमेचा दगड. त्याची एक प्रत वाट्याच्या अगदी शेवटच्या सेक्टरात ठेवलेली असते. भावाने पाडलेल्या नव्या वाट्याखाली आरंभीचा दगड गाडला गेला, तरी टोकाचा दगड शाबूत असतो. त्यावरील लांबी पाहून उलट मोजीत आले, की जुन्या वाट्याची सुरुवात सापडते. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने रचलेले टेस्टडिस्क हे विनामूल्य साधन असे दगड शोधते आणि पुसलेली ओळ पुन्हा लिहून देऊ शकते.

नव्या डिस्कांवर जीपीटी नावाची पद्धत असते. तिच्यात वाटणीचा तक्ता डिस्कच्या आरंभी व अखेरीस असा दोनदा लिहितात. मात्र माणसाने स्वतःच्या हाताने वाटा काढला, तर दोन्ही प्रतींतून नोंद जाते. अपघाताने एक तक्ता खराब झाला, तरच दुसरा कामी येतो. मेमरीच्या चिपांवर चालणाऱ्या एसएसडीची गोष्ट तर निराळीच आहे. वाटा फॉरमॅट झाला, की कोणती जागा निकामी झाली हे संगणक तिला कळवितो, आणि ती सवडीने ती जागा स्वतःच साफ करून टाकते. तेथे उशीर फार महागात पडतो. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला असेल, तर मात्र दोष यंत्रात आहे. अशी डिस्क ताबडतोब बंद करून कारागिराकडेच न्यावी.

वाट्याच्या सीमा कळल्या, तरी त्यातील फाइलींची सूची सर्वच मिळेल असे नाही. सूचीची जी पाने नव्या मजकुराखाली गेली ती गेली. उरलेल्या पानांवरच्या फाइली नावानिशी परत येतात. बाकीच्या फाइली त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखाव्या लागतात. जेपीईजी प्रकारचे छायाचित्र नेहमी २५५, २१६, २५५ या तीन अंकांनी सुरू होते. वेव्ह प्रकारच्या ध्वनिमुद्रणाच्या आरंभी आर, आय, एफ, एफ ही अक्षरे असतात आणि पाठोपाठ पुढील मजकुराची लांबी दिलेली असते. टेस्टडिस्कचे भावंड असलेले फोटोरेक हे साधन अशा खुणा हुडकीत जाते. फाइल सलग वाफ्यांत असेल, तर ती अखंड हाती लागते. तुकडे होऊन विखुरली असेल, तर अर्धीमुर्धीच.

अशा रीतीने आलेल्या फाइलींना नाव नसते, तारीख नसते. साधन त्यांना केवळ क्रमांक देते. म्हणून शोध संपल्यावरही मुलीचे काम उरतेच. ‘पंढरीच्या ओव्या’, ‘भावाच्या ओव्या’ अशी तिने घातलेली नावे आता नाहीत. एकेक फाइल लावायची, जात्याची घरघर सुरू होऊन आजीचा आवाज उठेपर्यंत थांबायचे, आणि ओवी ओळखून नाव पुन्हा लिहावयाचे.