नव्या भुंगेऱ्याचे नामकरण

पावसाळ्याच्या आरंभी शाळेच्या आवारातील एखादा दगड उलटला असता त्याखालून काळा, चपळ, लांब पायांचा कीटक पळून जाताना पुष्कळदा दिसतो. त्याचे पुढचे पंख कठीण असून ते पाठीवर कवचासारखे मिटलेले असतात. असा कीटक बहुधा भूचर भुंगेऱ्यांच्या कुलातील असतो. या कुलाला प्राणिशास्त्रात 'कॅराबिडी' म्हणतात. जगात त्याच्या सुमारे चाळीस हजार जाती ज्ञात आहेत. त्यांतील बहुसंख्य रात्री हिंडतात आणि अळ्या, किडे व गांडुळे यांवर उपजीविका करतात. या दृष्टीने ते शेतकऱ्याचे मित्रच होत.

इतक्या जाती माहीत असताना हाती आलेला भुंगेरा नव्या जातीचा आहे, हे शास्त्रज्ञ कशावरून ठरवितात? हे समजण्यास हवाई बेटांचे उदाहरण उपयोगी पडेल.

पॅसिफिक महासागरात, कोणत्याही खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर, ही बेटे समुद्रतळातून ज्वालामुखीच्या उद्रेकाने वर आली. त्यांतील मौई बेटावर हालेआकाला नावाचा सुमारे 3,055 मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. त्याच्या ओल्या उतारांवर दाट अरण्य असून झाडांची खोडे शेवाळाने मढलेली असतात. या शेवाळात, सालींखाली व पालापाचोळ्यात 'मेसिक्लोथोरॅक्स' प्रजातीचे भुंगेरे राहतात. ते बहुधा गव्हाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान असतात. त्यांचे उडण्याचे पंख खुरटून गेले असल्यामुळे त्यांना उडता येत नाही. एका दरीच्या अलीकडचे भुंगेरे पलीकडे सहसा जाऊ शकत नाहीत. असे विभक्त झालेले समूह दीर्घ काळात एकमेकांहून भिन्न होत गेले. हवाई बेटांवरील या प्रजातीच्या दोनशेंहून अधिक जाती एकाच पूर्वजापासून निर्माण झाल्या, असे शास्त्रज्ञ मानतात.

येथील भुंगेरे गोळा करण्याचे काम एकोणिसाव्या शतकात टॉमस ब्लॅकबर्न या धर्मोपदेशकाने केले. 1892 पासून आर. सी. एल. पर्किन्स यांनी ते पुढे चालविले. डेव्हिड शार्प यांनी 1903 साली त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स लीबर यांनी जुने व नवे नमुने एकत्र अभ्यासून 2015 साली हालेआकालावरील 116 जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी 74 जाती शास्त्राला सर्वस्वी नव्या होत्या.

या कामाची पहिली पायरी म्हणजे संग्रह. शेवाळलेल्या खोडाखाली कापड पसरून, शेवंतीच्या जातीतील फुलांपासून मिळणाऱ्या पायरेथ्रिन या द्रव्याचा फवारा खोडावर मारतात, म्हणजे लपलेले कीटक खाली पडतात. प्रत्येक नमुन्यासोबत एक बारीक चिठ्ठी असते. तीवर स्थळ, उंची, दिनांक आणि संग्राहकाचे नाव लिहिलेले असते. ही चिठ्ठी हरवली की नमुन्याचे शास्त्रीय मोल जवळजवळ नाहीसे होते.

दुसरी पायरी तुलनेची. सूक्ष्मदर्शकाखाली वक्षाच्या पृष्ठभागाचा आकार, कठीण पंखांवरील रेषा, ठराविक जागी असलेल्या केसांची संख्या व डोळ्यांचा फुगवटा ही लक्षणे तपासतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जाती पुष्कळदा नराच्या जननेंद्रियाच्या आकारावरून निश्चितपणे ओळखता येतात. म्हणून तो अवयव काळजीपूर्वक अलग करून नमुन्याबरोबरच जपून ठेवतात. मात्र एकाच नमुन्यातील लहानसा फरक पुरेसा नसतो. एकाच आईची मुलेही उंचीने सारखी नसतात. अनेक नमुन्यांत तोच फरक सातत्याने आढळावा लागतो, आणि जुन्या संग्रहालयांतील मूळ नमुने पाहून त्या जातीला पूर्वीच कोणी नाव दिलेले नाही याची खात्री करावी लागते.

तिसरी पायरी नामकरणाची. नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. प्राण्यांच्या नावांचा हिशेब लिनियसच्या 1758 सालच्या ग्रंथापासून धरला जातो. ग्रंथात वा नियतकालिकात वर्णन प्रसिद्ध झाल्याशिवाय नाव ग्राह्य होत नाही. त्याचबरोबर एक नमुना 'होलोटाइप' म्हणून निवडून संग्रहालयात कायमचा ठेवतात. पुढे त्या नावाविषयी शंका उद्भवली, तर याच नमुन्याकडे वळावे लागते. सरकारी मापाशी दुकानातील माप ताडून पाहावे, तसा हा प्रकार आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न वर्गात निघणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेटावर मिळते. 1821 साली नेपोलियन जेथे मरण पावला, तेच हे बेट. तेथे तीन सेंटिमीटरांहून मोठा, न उडणारा, अन्यत्र कोठेही न आढळणारा एक भूचर भुंगेरा होता. एकोणिसाव्या शतकात त्याचे वर्णन होऊन त्याला नाव मिळाले. माणसांनी सोडलेल्या शेळ्यांनी बेटावरील मूळ वनस्पतींचा फडशा पाडला, उंदीरही आले. 1967 नंतर तो भुंगेरा जिवंत दिसल्याची नोंद नाही. पुढे शोध घेऊनही तो सापडला नाही. त्याला नाव होते, नमुने जपलेले होते, म्हणूनच तो गेला हे आज सांगता येते. ज्या जातींना कोणी नावच दिले नाही, त्या गेल्याचेही कोणास कळत नाही. हालेआकालावरही परक्या देशातून आलेली आर्जेंटाइन मुंगी मूळच्या कीटकांना खाऊन टाकीत पसरत असल्यामुळे तेथील वर्णनाच्या कामास विलंब परवडण्यासारखा नाही.

महाराष्ट्रातील माळरानावर याच कुलातील एक मोठा भुंगेरा आढळतो. काळ्या अंगावर सहा पांढरे ठिपके ही त्याची खूण. 1775 साली फॅब्रिशियस याने त्याला दिलेल्या नावातील 'सेक्सगुट्टाटा' या लॅटिन शब्दाचा अर्थही 'सहा ठिपक्यांचा' असाच आहे. संकटात सापडला असता तो दाहक द्रव उडवितो. यास्तव मुलांनी त्याला हातात धरू नये किंवा तोंडाजवळ नेऊ नये, अशी सूचना शिक्षकांनी आधीच द्यावी.

परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांकडून असे कीटक दुरूनच पाहवून घ्यावेत. चित्र काढावे, ठिपके मोजावेत, आणि खाली स्थळ, दिनांक व पाहणाऱ्याचे नाव लिहावे. दगड उलटला असेल, तर तो पुन्हा होता तसाच ठेवण्यास मुलांना सांगावे. कीटकाचे शास्त्रीय नाव शिक्षकांस ठाऊक नसल्यास 'ठाऊक नाही' असे मोकळेपणाने सांगावे. अंदाजाने नाव देऊ नये. पाहिले तेवढेच लिहिण्याची ही सवय चौथीच्या वर्गात लागली, तर हालेआकालाच्या अरण्यातील संशोधकाची पहिली पायरी मुलाने आपल्या गावातच ओलांडली, असे समजण्यास हरकत नाही.