गाडी का उडते?

बैलगाडीत बसणाऱ्याला हिसका म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. चाक दगडावर चढलं की दणका सरळ कंबरेत येतो. जुन्या बैलगाडीत चाक आणि साटी यांच्या मधे दणका सोसणारं काहीच नसतं.

आता बारामती-इंदापूरकडे दूध, डाळिंबं आणि माणसं तीनचाकी आपेतूनही जातात. ही गाडी बारामतीच्याच कारखान्यात तयार होते. मूळची ती इटली देशातली. १९४८ साली ती तिकडे प्रथम निघाली. 'आपे' म्हणजे तिकडच्या भाषेत मधमाशी.

अशा गाडीत दणका सोसायला दोन गोष्टी असतात. एक स्प्रिंग. काही गाड्यांत तिच्या जागी पाटे किंवा रबर असतं. दुसरा शॉकअप. स्प्रिंग दणका पोटात घेते, पण मग ती उसळते. उधळत्या बैलाला जसा कासरा, तसा स्प्रिंगला शॉकअप. त्याच्या नळीत तेल असतं आणि एक दट्ट्या असतो. दट्ट्या हलला की तेलाला बारीक भोकातून जावं लागतं. पिचकारी कितीही जोरानं दाबा, पाणी भोकाच्या बेतानंच बाहेर येतं. तसंच हे. म्हणून गाडी उसळत नाही, सावकाश बसते.

मुलांची रिमोटची मोटार बघा. स्वस्त खेळण्यात नुसती स्प्रिंग असते, तेल नसतं. म्हणून ते खड्ड्यावरून गेलं की टुणटुण उडतं. मोठ्या गाडीच्या शॉकअपमधलं तेल गळालं, की तिचंही असंच होतं.

हा प्रश्न नुसत्या कंबरेचा नाही. चाक जमिनीवर टेकलेलं असेल तरच ब्रेकचा उपयोग. उडणाऱ्या चाकाला ब्रेक लावून गाडी थांबत नाही. समोर शाळेची पोरं असली तर काय होईल, याचा विचार करा.

तेव्हा दोष कुठे आहे ते असं ओळखा.

पहिलं, चाकातली हवा बघा. कमीजास्त हवेनंही गाडी कलते आणि हिसके देते.

दुसरं, रिकामी गाडी सपाट जागी उभी करा. हवा ठीक असून एका बाजूला कलली, तर त्या बाजूची स्प्रिंग बसली किंवा मोडली असेल.

तिसरं, गाडीचा एक कोपरा जोरानं खाली दाबा आणि सोडा. ती वर येऊन लगेच स्थिर झाली तर शॉकअप ठीक. तीन-चार वेळा डुलली तर शॉकअप गेला.

चौथं, शॉकअपवर बोट फिरवा. ओलं तेल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर आतलं सील फाटलं आहे.

पाचवं, खड्ड्यात 'टक टक' आवाज येतो का ते ऐका. जोडावरचं रबर झिजलं की असा आवाज येतो.

सहावं, टायर बघा. जागोजागी खळगे पडल्यासारखा झिजला असेल, तर चाक उडत होतं असं समजा.

दाबलेल्या स्प्रिंगमध्ये फार जोर असतो. ती सुटली तर हात मोडेल. म्हणून शॉकअप घरी उघडू नका, मिस्त्रीकडे न्या. मागचा एक शॉकअप गेला, तर मागचे दोन्ही बदलून घ्या. एक नवा आणि एक जुना असला, तर गाडी वळणावर एका अंगाला जाते.

आणि शेवटची गोष्ट. चांगला शॉकअपही जास्त ओझ्यानं लवकर मरतो. बैलावर आपण जेवढं ओझं बेतानं घालतो, तेवढंच गाडीवरही घालावं.