दोनशे छत्तीस चेंडूंची शिदोरी

बालमित्रांनो, ‘बाराच कसोटी सामने खेळला? मग कसला मोठा खेळाडू!’ असं कुणी म्हणालं, तर त्याला लीड्सची गोष्ट जरूर सांगा.

गोष्टीचा नायक आपल्या बीडचा. बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षी, ११ ऑक्टोबर १९७२ रोजी, संजय बांगरचा जन्म बीडमध्ये झाला. फलंदाजी आणि मध्यमगती गोलंदाजी, दोन्ही तो करायचा. महाराष्ट्र आणि मुंबईच्या युवा संघांतून खेळल्यावर रणजी स्पर्धेत त्याला जागा मिळाली ती रेल्वेच्या संघात. भारताची टोपी डोक्यावर आली तेव्हा तो २९ वर्षांचा होता! डिसेंबर २००१, मोहाली, समोर इंग्लंड. पुढे फेब्रुवारी २००२ मध्ये नागपूरला झिंबाब्वेविरुद्ध सातव्या क्रमांकावर येऊन त्यानं नाबाद १०० धावा केल्या.

आता चला लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर. ऑगस्ट २००२, तिसरी कसोटी. मालिकेत भारत ०-१ असा मागे. आभाळ भरून आलेलं, खेळपट्टी दमट. अशा हवेत नवा चेंडू हवेत वळतो आणि शिवणीवर पडला की कुठंही पळतो. तरीही कर्णधार सौरव गांगुलीनं नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली! सलामीला यायचं होतं बांगरला, आणि तो काही नेहमीचा सलामीवीर नव्हे.

अवघ्या १५ धावांवर सेहवाग बाद झाला. मग आला राहुल द्रविड. हॉगार्ड, कॅडिक, फ्लिंटॉफ यांचे चेंडू बॅटच्या कडेजवळून सुसाट जात होते, अंगावर आदळत होते. बांगरनं काय केलं? बाहेरचा चेंडू सोडला, सरळ आला तो अडवला. बस्स, तेवढंच! पण तेच तर सगळ्यात अवघड होतं. चेंडू जुना झाला की त्याची धार कमी होते, गोलंदाजही दमतात. तोवर टिकायचं होतं. २३६ चेंडूंत ६८ धावा काढून तो परतला, तेव्हा दोघांची १७० धावांची भागीदारी झाली होती.

मग काय, पुढच्यांना रान मोकळं! द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८. भारताच्या ८ बाद ६२८ धावा झाल्या. दुसऱ्या डावात बांगरनं दोन बळीही घेतले. भारत एक डाव आणि ४६ धावांनी जिंकला. इंग्लंडमध्ये १९८६ नंतरचा आपला हा पहिलाच कसोटी विजय!

पण त्याच डिसेंबरमध्ये न्यूझीलंडच्या हॅमिल्टनला हिरव्यागार खेळपट्टीवर भारताचा पहिला डाव ९९ धावांत आटोपला, न्यूझीलंडचा ९४ मध्ये. बांगरची ती शेवटची कसोटी ठरली. एका वर्षात कारकीर्द सुरू झाली नि संपलीही. १२ कसोटी, ४७० धावा, ७ बळी.

तो खचला मात्र नाही. रेल्वेसाठी वर्षानुवर्षं खेळत राहिला, आणि २०१४ ते २०१९ या काळात भारतीय संघाला फलंदाजीचे धडे देणाऱ्यांत होता.

धावफलकावर शतकं ठळक दिसतात, मित्रांनो. पण त्या शतकांची वाट आधी कुणीतरी अंगावर चेंडू झेलून मोकळी केलेली असते. आईबाबांनो, मुलांना ‘किती धावा केल्यास?’ एवढंच विचारू नका. ‘किती वेळ टिकलास?’ हेही विचारा.